गोठ्यातली मागची खोली

९ जानेवारी

मायना काय लिहावा यातच सकाळचा चहा गार झाला. 'चि. सौ.' लिहायची हाताला सवय. त्यातलं सौ. कोर्टाने काढून घेतलं, आणि नुसतं चि. लिहिलं तर तू म्हणशील, म्हातारी अजून सासूपणा करते आहे. म्हणून वरची जागा मोकळी सोडली आहे. तुला चालेल ते तिथे लिहिलंय असं समज.

जाताना तू म्हणाली होतीस, काही दिवस मला फोन करू नका. नाही केला. वर्ष उलटून गेलं, एकदाही केला नाही. पण पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, आणि मी काही गप्पा मारायला लिहीत नाहीये. काम आहे.

तू आपल्या गोठ्याचा नकाशा काढला होतास, आठवतो? तुम्ही दोघं सुट्टीला आला होतात तेव्हा. गोठ्याच्या तीन खोल्या करायच्या, गुरांच्या गव्हाणी न फोडता त्यांचीच खिडकीखालची बाकं करायची, शहरातली माणसं सुट्टी घालवायला येतील. तुझे सासरे तेव्हा होते. म्हणाले, "माणसं गोठ्यात झोपवली तर गुरं काय माडीवर न्यायची?" आणि पुढचे कित्येक दिवस जो भेटेल त्याला हाच विनोद ऐकवत राहिले. तू कागद गुंडाळून माझ्या हातात दिलास. तो मी टाकला नव्हता. पुढे हे गेले, माझे गुडघे बसले, गुरं एकेक करून विकावी लागली, आणि एवढी थोरली रिकामी इमारत रोज उठून माझ्याकडे बघायला लागली. शेवटी मागच्या वर्षी गवंड्याला बोलावलं आणि तुझा कागद त्याच्यापुढे पसरला.

खोल्या झाल्या, छान झाल्या. पण एक घोटाळा झाला आहे आणि तो निस्तरायला तूच हवीस.

गोठ्याची जमीन सपाट नसते. गुरांचं मूत वाहून जावं म्हणून ती नालीच्या बाजूला उतरती केलेली असते. गवंड्याने नाली बुजवली आणि उतार होता तसा ठेवून वर फरशी बसवली. त्याने जन्मभर गोठेच बांधले. मी रोज तिथे कमरेवर हात ठेवून उभी होते, मलाही काही वावगं दिसलं नाही. माझा अर्धा जन्म त्या उतारावर गेला. सरळ जमिनीवर उभं राहिलं तरच मला पडल्यासारखं होतं. घोटाळा कळला तो पहिले पाहुणे आले तेव्हा.

पहिले पाहुणे म्हणजे एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. दोघांचं बिनसलं होतं हे गाडीतून सामान काढतानाच दिसलं, कारण ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. यांना विचारा, चष्म्याचं घर घेतलं का. मी आपलं विचारलं. झोपताना दोघांनी पलंगाच्या दोन कडा धरल्या असणार. उतार नेमका तिच्या कडेकडून त्याच्या कडेकडे. सकाळी बाई तणतणत आल्या. म्हणाल्या, रात्रभर मी घसरत घसरत यांच्या अंगावर जात होते, तुमच्या खोलीत काहीतरी गडबड आहे. गवंडी तिथेच चहा पीत बसला होता, तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मी त्याला दटावलं आणि फरशीवर एक वाटाणा ठेवला. वाटाणा आपल्या आपण चालत भिंतीपर्यंत गेला. सगळ्या जगात ही म्हण लोक उगाचच वापरतात, पण आमच्याकडे अंगण खरोखर वाकडं निघालं.

गंमत म्हणजे पलंग फिरवून देते म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, असू दे, आता सवय झाली. जाताना दोघं एकमेकांशी थेट बोलत होते. तेव्हापासून गवंडी उताराचं श्रेय घेत हिंडतो आहे. पण आता येणारा प्रत्येक पाहुणा भांडूनच येईल असं थोडंच आहे? एकटं माणूस सकाळपर्यंत भिंतीला जाऊन चिकटतं.

फरशी उखडायची नाही असा काही उपाय असला तर कळव. बाकीचं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

३० जानेवारी

पाकीट मिळालं. त्यावरचं तुझं अक्षर ओळखलं आणि टपालवाल्याला उगाच पाणी विचारलं, बस म्हटलं. एकटीने उघडायचा धीर होईना. आत एकच कागद. पलंगाच्या कोणत्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घालायचे, किती उंच, निमुळती बाजू कुठे, सगळं बाणांनी दाखवलेलं. वर काही नाही, खाली काही नाही. मी उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. टपालवाल्याने विचारलं, चेक आहे का? म्हटलं, तसंच काहीतरी, वटतोय का बघायचं.

सुताराने ठोकळे करून दिले. पलंगाला झाले, मग टेबलाला, मग कपाटालाही केले, कारण कपाटाचं दार उघडलं की आपोआप आपटायचं. आता खोलीत सामान सरळ आहे आणि फक्त माणसं तिरकी चालतात. त्यालाच शहरातली मंडळी खेड्यातली मजा म्हणतात.

तू पाहिलं नाहीस म्हणून सांगते. गव्हाणी तू म्हणालीस तशाच ठेवल्या आहेत. आत गादी घातली, वर तुझ्या मापाची खिडकी. गुरांच्या माना घासून घासून तिथला दगड इतका गुळगुळीत झाला आहे, की ज्याला त्याला वाटतं मुद्दाम घासून घेतला. भिंतीतल्या दावणीच्या कड्या गवंडी उपटायला निघाला होता. तू नकाशात त्यांच्याभोवती गोल काढून 'हे ठेवा' लिहिलं होतंस, ते मी त्याला दाखवलं. आता पाहुणे त्यांना टॉवेल लावतात.

एक गाय मात्र मी विकली नाही. ती आखूड शिंगांची, जिला घाबरून तू पहिल्या भेटीत विहिरीच्या कठड्यावर चढून बसली होतीस. तिला अंगणापलीकडे नवं छप्पर बांधून दिलं, पंखा लावून दिला. पण धारेची वेळ झाली की बाई तिथून निघते आणि मागच्या खोलीच्या दाराला कपाळ टेकवून उभी राहते. तिची जागा तिथे होती ना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. परवा दोन कॉलेजातल्या मुली उतरल्या होत्या, त्यांना वाटलं चहा आला. दार उघडलं, मग जी पळापळ झाली ती काय सांगू. नंतर मात्र त्यांनीच तिचे फोटो काढले आणि मला विचारलं, ही रोज येते का, आम्हाला हीच खोली मिळेल का. मी सांगितलं, ती खोली तिचीच आहे, तुम्ही मधे आलात.

तुमच्या धंद्यात एक रीत असेल ना, की ज्याने नकाशा काढला त्याने काम झाल्यावर एकदा येऊन बघून जायचं? मी सहज विचारते आहे.

लेकाचा फोन रविवारी येतो. बरा आहे, कामात आहे.

२० फेब्रुवारी

या वेळी कागदावर शब्द होते. एकच ओळ. "मी तिथे कोण म्हणून येऊ?"

प्रश्न रास्त आहे. मी तो वाचला आणि धार काढायला गेले, म्हटलं काम करता करता उत्तर सुचेल. बादली भरली, उत्तर काही सुचलं नाही. गेले कित्येक दिवस मी तो प्रश्न घेऊन घरभर फिरते आहे. आता सरळ सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

तू गेलीस तेव्हा मीही हाच विचार करून पाहिला होता. सून म्हणावं, तर त्या कागदावर सह्या झाल्या. लेक म्हणावं, तर ते बोलायला गोड असतं, पण लेकीला जसं हक्काने फटकारता येतं तसं तुला फटकारायला माझी जीभ उचलणार नाही. मैत्रीण म्हणावं, तर माझे केस बघ आणि तुझे बघ. माझ्या बहिणीने मला समोर बसवून समजावलं. ती म्हणाली, अगं, मुलाचं तुटलं तिथेच तुझंही संपलं, तू कशाला कुढत बसतेस, ती तुझी आता कोण लागते? मी म्हटलं, कुणी नाही. यांच्या शेवटच्या आजारात जी नोकरीवर रजा टाकून इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी बसून राहिली, माझं डोकं मांडीवर घेऊन मला झोपवलं, ती माझी कुणी लागत नाही. ठीक आहे. कायदाच तसा असेल तर मी कोण बोलणार?

आणि तुझ्या माहेरी काय आहे तेही मला ठाऊक आहे. कसं, ते विचारू नकोस. आई नाही. वडील भावाच्या ओंजळीने पाणी पितात. भावाच्या घरात तुला बाहेरच्या खोलीतला सोफा, तोही दुसरं कुणी येणार नसेल तेव्हा. गेल्या सुट्टीत तू कुठेच गेली नाहीस, शहरातल्या त्या भाड्याच्या खोलीतच राहिलीस. सगळं जग सामान बांधून कुठे ना कुठे जात असताना तू खिडकी लावून घेऊन बसली असशील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मी तुला घरी ये म्हटलं असतं, तर तू हेच विचारलं असतंस, आणि तू विचारलं नसतंस तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं असतं, ही आता इथे कशी? इथेच घोडं पेंड खात होतं. मग एक दिवस तुझा तो गुंडाळलेला कागद हाताला लागला आणि मी तो पुन्हा उलगडून बसले. भाड्याच्या खोलीत कोण येतं? कुणीही येतं. दातांच्या डॉक्टरांना कुणी विचारलं का, तुम्ही इथे कोण म्हणून आलात? त्या पोरींना विचारलं? सुट्टी होती, आलो, इतकं पुरतं. माझ्या मनात आलं, या जागेत अशी एक तरी खोली करावी की जिथे यायला कुणाचं कुणी लागावं लागत नाही.

लोकांना वाटतं, म्हातारीला या वयात धंदा करायची हौस आली. वाटू दे. मी तो गोठा तुला येता यावं म्हणून बांधून काढला.

लिहून झालं. अक्षर वाकडं आलं असेल, तेवढं चालवून घे.

तू येशील ती पाहुणी म्हणून ये. सगळ्यांना पडतं ते भाडं तुलाही पडेल, एक पैसा सोडणार नाही. जेवण सगळ्यांबरोबर. मी काही विचारणार नाही, काही समजावणार नाही, आणि डोळ्यांतून पाणी आलंच तर कांदा चिरायला घेईन.

१३ मार्च

तू येते म्हणालीस. एप्रिलचा तिसरा आठवडा, आणि भाडं आधीच पाठवून दिलंस, पावतीसुद्धा मागितलीस. पावती सोबत जोडली आहे. ती लिहिताना मला किती हसू येत होतं म्हणून सांगू. सही करताना तर नवरीसारखी लाजले.

खोलीला चुना दिला, पडदे धुतले. गवंड्याला बोलावून सांगितलं, नकाशा काढणाऱ्या बाई तपासायला येणार आहेत. तेव्हापासून त्याला झोप नाही. येतो, फरशीकडे बघतो, मान हलवतो आणि जातो.

आता दुसरी गोष्ट. तिच्याबद्दल मी तीन पत्रं मूग गिळून बसले होते, कारण मला भीती होती, की कळल्यावर तू येणार नाहीस. पण तू इथे येऊन दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंस, तर ते मला जन्मभर लागून राहील.

त्याचं लग्न ठरलं आहे. त्याच्याच ऑफिसातली आहे. जूनमध्ये करणार आहेत, साधंच. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. तिला तो माझ्याकडे घेऊन आला होता आणि मी तिला चहा करून दिला होता. कपबशा आत नेल्या आणि तिथेच उभी राहिले, आणि मग तुझा पत्ता शोधायला घेतला. म्हणजे पत्र काही फक्त उतारामुळे लिहिलं नाही.

आणखी एक आहे. गेल्या रविवारी त्याने फोनवर विचारलं, एप्रिलमध्ये आम्ही दोघं चार दिवस येतो, तिला गाव नीट बघायचं आहे, एखादी खोली ठेव. त्याने सांगितल्या त्या तारखा तुझ्याच निघाल्या. वरच्या घरात उतरा म्हणून त्याला सांगता आलं असतं. पण एका अंगणात तुम्हा तिघांना चहा द्यायची माझी छाती नाही.

"खोल्या भरल्यात," मी म्हटलं.

"तिन्ही?"

"दोन खोल्यांत निवृत्त शिक्षिका आहेत, दोघी बहिणी. तिसरीत ती आहे."

त्याला कळलं होतं, तरी त्याने विचारलं, ती म्हणजे कोण. मी तुझं नाव घेतलं. मी पदर खोचून तयार होते. आता म्हणेल, आई, तू हे काय चालवलं आहेस, लोक काय म्हणतील. त्यावर काय काय बोलायचं ते सगळं मी जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही लागलं नाही.

"तिला मागची खोली दे," तो म्हणाला. "सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की तिचं डोकं दुखतं."

मी म्हटलं, मागचीच दिली आहे. खरं तर तुला पुढची ठरवली होती, तिथून शेत चांगलं दिसतं. फोन ठेवला आणि चादरी उचलून मागच्या खोलीत नेल्या. तो तिला घेऊन मे महिन्यात येईल.

एवढं लक्षात ठेवणारा माणूस आणि एवढं लक्षात ठेवण्यासारखी बाई एका घरात का राहू शकली नाहीत, हे कोडं मला सुटत नाही. मी ते सोडवायलाही बसलेली नाही. तुम्ही दोघांनी मला कधी त्यात ओढलं नाहीत, याबद्दल मी तुम्हा दोघांची ऋणी आहे.

हे वाचून तुला यावंसं वाटलं नाही, तर मी समजून घेईन. नाही, खोटं लिहिलं. समजून घेणार नाही, पण गप्प बसेन.

२ एप्रिल

तुझं उत्तर नाही. नको देऊस, मी त्यासाठी लिहीत नाहीये. बसची वेळ बदलली आहे तेवढं कळवायचं होतं. पूर्वी तुम्ही गाडीने यायचात, त्यामुळे बसचा रस्ता तुला ठाऊक नसेल. दुपारची बस आता थोडी उशिरा निघते आणि पुलाजवळ थांबते, शाळेजवळ नाही. पुलापासून सरळ चालत यायचं. डाव्या हाताला पिठाची गिरणी लागते, तिच्यापुढे आपलं फाटक. फाटकाची कडी जरा वर उचलूनच सरकते.

टपालवाला हल्ली फाटकापर्यंत येत नाही, लांबूनच मान हलवतो. परवा त्याच्यावर उगाच डाफरले. त्याचा काय दोष?

खोली तयार आहे. आली नाहीस तरी ते दिवस ती कुणाला देणार नाही. पैसे घेतलेत ना तुझे.

२० एप्रिल

पोचलीस ना नीट? तू जाऊन दोन दिवस झाले. इथे होतीस तेव्हा जे बोलले नाही ते आता लिहिते. समोर असलीस की मी नुसती वाढत राहते.

तू येशील असं मला अजिबात वाटलं नव्हतं. तरी पुलावरची बस गेल्याचा आवाज आला तशी मी फाटकापाशी जाऊन झाडाची वाळकी पानं तोडत उभी राहिले. त्या झाडाला वाळकी पानं नव्हती, चांगली हिरवीच तोडली. तू दिसलीस. एक लहान बॅग, पायांत सपाट चपला, केस कापलेले. तू थांबलीस, मीही थांबले. आणि मी काय म्हणावं? "या," म्हणाले. ये नाही, या. सगळ्या पाहुण्यांना म्हणते तसं. जीभ कशी वळली कुणास ठाऊक. तू मान खाली घालून हसलीस आणि विचारलंस, "खोली कुठली?"

पहिला दिवस तू मला कशालाच हाक मारली नाहीस. मला ते कळत होतं बरं. जेवताना तुला मीठ हवं होतं, तर मी मान वर करून बघेपर्यंत तू थांबून राहिलीस, म्हणजे हाक मारावी लागू नये. मी मीठ पुढे सरकवलं. मनात म्हटलं, असू दे, पाहुणे असेच वागतात, आपणच बोलावलं आहे पाहुणी म्हणून. पण घास काही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तू टेप काढून फरशी मोजलीस, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. गवंडी तुझ्यामागे हात बांधून फिरत होता. तू त्याला काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, पण तो बाहेर आला तो छाती फुगवून. म्हणतो, बाई म्हणाल्या, उतार चुकला पण फरशीचे सांधे एक नंबर. आता हे तो मरेपर्यंत सांगत सुटणार. दुपारी तू गव्हाणीतल्या गादीवर पुस्तक उघडून बसलीस आणि तशीच झोपलीस. मी दोनदा येऊन बघून गेले. तोंड किंचित उघडं, पुस्तक जमिनीवर. इतकी गाढ झोप लागलेलं माणूस मी खूप दिवसांत पाहिलं नव्हतं. धारेच्या वेळी गाय दाराशी आली, तेव्हा मी धावले, म्हटलं तू घाबरशील. तू दार उघडून तिच्या कपाळावर हात ठेवून उभी होतीस. मी तशीच मागे फिरले.

मग आपण वाटाणे सोलत बसलो आणि तू विचारलंस, "त्याच्या ऑफिसातली ती कशी आहे?"

मी काही विचारणार नाही असं कबूल केलं होतं, पण तू विचारलंस तर काय करायचं हे ठरवलं नव्हतं. "चांगली आहे," म्हटलं. "खोड काढायचा खूप प्रयत्न केला, सापडली नाही."

तू म्हणालीस, मग बरं झालं. आणि सोलत राहिलीस. फक्त दाणे सालांच्या टोपलीत टाकत होतीस आणि सालं पातेल्यात. तू आत गेल्यावर मी सगळं वेगळं केलं. तू कांदे चिरायला घेतलेस, तेव्हा मला माझंच वाक्य आठवलं आणि मी त्या खोलीत आले नाही.

आता त्या सकाळबद्दल. त्याचसाठी हे पत्र आहे.

अंगणातल्या लांब टेबलावर आपण सगळे नाश्त्याला बसलो होतो. थोरल्या शिक्षिका बाईंचा स्वभाव तू पाहिलास, त्यांना हजेरी घेतल्याशिवाय चहा पचत नाही. त्यांनी तुला ब्रेडला लोणी लावताना पाहिलं, तू न विचारता फडताळातून साखर आणलीस ते पाहिलं, आणि मला विचारलं, "ही तुमची कोण?"

अगं, ज्या प्रश्नासाठी मी एवढी इमारत उभी केली, तो असा ब्रेड आणि साखरेच्या मधे येऊन बसला. मला सोपं उत्तर होतं. पाहुणी आहे, म्हणायचं. तीन अक्षरं. त्यावरच तर सगळं उभारलं होतं, मीच तुला लिहिलं होतं. पण तुझ्याकडे बघून तुला पाहुणी म्हणायची वेळ आली, तेव्हा कळलं, की मला ते कधीच म्हणता येणार नव्हतं. मी साखरेचं झाकण उघडलं, लावलं. बाई वाट बघत होत्या. धाकट्या बाईंनीही कप खाली ठेवला.

तू मानही वर केली नाहीस. लोणी लावता लावता म्हणालीस, "मी दरवर्षी येते आईंकडे."

बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी लगेच विचारलं, मग इथे कधी यावं, आत्ता की थंडीत? आणि तू शांतपणे सांगितलंस, थंडीत बरं असतं, तेव्हा मी जास्त दिवस राहते.

वेगळी झाल्यापासून पहिल्यांदाच आली होतीस तू. मी उठले, दूध उतू जातंय म्हणाले आणि आत गेले. गॅसवर दूध नव्हतं, गॅसच पेटलेला नव्हता. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि पोटभर रडून घेतलं. वर्षभर जी हाक ऐकली नव्हती ती ऐकली, तीही दुसऱ्या कुणाला काहीतरी सांगताना सहज आलेली. मग तोंड धुऊन बाहेर आले, तर तू सगळ्यांचे कप उचलायला लागली होतीस.

बसपर्यंत मी सोडायला आले. तू खिडकीतून म्हणालीस, गुडघ्यांना शेक देत जा, मी म्हटलं, देते. बस निघाली.

मला खोटं खपत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्याला लहानपणी त्यापायी मी फटके दिले आहेत. पण तू बोललीस ते खोटं मला मोडायचं नाही. त्या बाईंनी जाण्याआधी डिसेंबरसाठी पुढच्या दोन्ही खोल्या सांगून ठेवल्या, आणि वर म्हणाल्या, तुमच्या त्या दरवर्षी येणाऱ्या बाईही असतील ना, गप्पांना सोबत होईल. मी हो म्हणून बसले आहे.

आता तू आली नाहीस तर त्यांच्यापुढे खोटी तू नाही, मी पडेन. थंडीत ये.